बारा इंचीची चेन

हितेंद्रने काउंटरवर तीन चेनी टाकल्या आणि पंखा आमच्यावरून काढून स्वतःकडे वळवला. याचा अर्थ, टाइमपास करू नका. मी दुकानात शिरतानाच ओरडलो होतो, शेठ, आमच्या म्हातारीला कवळी पाहिजे, बारा इंची. म्हातारी म्हणजे झाडं कापायची आमची छोटी पेट्रोल करवत. तिचे दात गेले होते. वीस वर्षांत हितेंद्र माझ्या एकाही विनोदाला हसलेला नाही. नागदेवीच्या या हार्डवेअरच्या गल्लीत मी अर्धा त्यासाठीच येतो.

एक चेन साडेतीनशेची, दुसरी साडेपाचशेची, तिसरी कंपनीची, तेराशेची. तेराशेवालीचं आम्ही फक्त दर्शन घेतो. घोळ असतो पहिल्या दोघींचा. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच पिशवीतल्या, कुठून आल्या ते हितेंद्रलाही ठाऊक नाही. साडेतीनशेची बरी निघाली तर महिना काढते. वाईट निघाली तर चौथ्या फांदीला तुटते, आणि तुटलेली चेन कोणाच्या तोंडावर येईल ते सांगता येत नाही.

त्यासाठी गुणाजी. परळचा, माझ्याच चाळीतला, अठ्ठावन्न वर्षांचा. वीस वर्षं तो झाडावर चढून फांद्या छाटतोय आणि मी खाली त्याच्या कमरेचा दोर धरतोय. मीही आधी चढायचो, मग पोट आडवं आलं. चेन घेताना गुणाजी चष्मा लावत नाही. डोळे मिटतो आणि दातांवरून अंगठा फिरवतो. कडी ढिली असेल, धारेला चरा असेल, सगळं त्याला अंगठ्यात कळतं. स्वस्त मालातला चांगला माल तो असा वेचून काढायचा, आणि आमचा धंदा त्याच अंगठ्यावर चालायचा.

त्याने साडेतीनशेवालीवरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला.

"हीच घे," तो म्हणाला. "धार बरी आसा."

काउंटरच्या काचेवर एक थेंब पडला. लाल. मग दुसरा. हितेंद्रने बघितला, मी बघितला. गुणाजी पंख्याकडे बघत होता.

मी म्हटलं, अरे, शेठचं काउंटर रंगवतोयस, अंगठा पूस. त्याने अंगठा वर धरून बघितला. कोणी बाजूवाल्याने बघायला दिल्यासारखा. मग तोंडात घातला आणि म्हणाला, बघ, म्हणून तर म्हटलं धार बरी आहे. हितेंद्रने फडका काढून काच पुसली.

तीच चेन घेऊन बाहेर आलो, कोपऱ्यावर चहा घेतला. आमची एक जुनी पैज आहे. गुणाजीने डोळे मिटायचे, मी त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, त्याने ओळखायचं. नाणं, वॉशर, शर्टाचं बटन. एकदा झुरळ ठेवलं होतं, तर म्हणाला, याला पाच पाय आहेत, एक तू मोडलास. या पैजेत मी आयुष्यभर चहा पाजलाय. म्हटलं, चल, लाव. त्याने डोळे मिटून उजवा हात पुढे केला.

मी काहीच ठेवलं नाही.

त्याने बोटं मिटली, चोळली. टपरीवाला बघत होता. त्याला मी खुणेने गप केलं.

"पाचाचा नाणा," गुणाजी म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं, आणि झटकन त्याचा हात झटकून नाणं काढून घेतल्याचं नाटक केलं. चहाचे पैसे मी दिले. आजवर मी कितीतरी लोकांना टोप्या घातल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलंय की तुमच्या जांभळावर कोर्टाचा स्टे आहे. पण एखादी मस्करी जमल्यावर मला आतून काहीच वाटलं नाही, अशी ही पहिलीच वेळ.

बसस्टॉपकडे चालता चालता मी विचारलं, कधीपासून. त्याने आधी कसलं कधीपासून असं केलं. मग सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून. मशीन धरून धरून बोटं सकाळी पांढरी पडतात, हात झोपतात. डॉक्टर म्हणाला मशीन सोड. घरी दर्शनाला, म्हणजे पोरीला, यातलं काही माहीत नाही. उद्या दादरच्या सोसायटीत जांभळाच्या सुकलेल्या फांद्या उतरवायच्या होत्या. पंचवीस फुटांवर, एका हाताने फांदी, दुसऱ्या हातात चालू करवत. मी म्हटलं, तू चढू नकोस. तो थांबला.

"मी झाडावरून उतरलंय तर काय करू?" तो म्हणाला. "तुझ्यासारखे जोक मारीत फिरू?"

मी म्हटलं, माझा चष्मा दुकानात राहिला, तू बसमध्ये जागा धर. चष्मा खिशात होता.

करवतीच्या पात्याला कडेने एक खाच असते. चेनची खालची कडी त्या खाचेत बसते. आमच्या म्हातारीला एक-पॉइंट-तीन मिलिमीटर जाडीची लागते. एक-पॉइंट-पाचची पण मिळते. लांबी तीच, दात तेच, दिसायला जुळी बहीण. फक्त खाचेत जात नाही, वर तरंगत राहते. हा फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. मी हितेंद्रला म्हटलं, ही बदलून एक-पाचची दे.

तो म्हणाला, "वो तुम्हारे में नहीं बैठेगा, भिवाभाई."

म्हटलं, ठाऊक आहे.

"मस्करी है क्या?"

म्हटलं, होय.

त्याने बदलून दिली. वरचे पैसे मागितले नाहीत.

माझा हिशेब साधा होता. सकाळी चेन बसणार नाही. गुणाजी हितेंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. बदलून आणेपर्यंत दिवस जाईल, काम पुढे ढकललं जाईल. तेवढ्या वेळात दर्शनाला सांगू, कोणी चढणारा शोधू. फुकट गेलेला एक दिवस, बाकी काय.

सकाळी आठला आम्ही दादरला जांभळाखाली होतो. वॉचमनने परवानगीचा कागद बघितला आणि गाड्या हलवायला गेला. गुणाजीने करवत मांडीवर घेतली, कव्हर उघडलं, जुनी चेन काढून पिशवीत टाकली, नवी पात्यावर चढवली. त्याला या कामाला दोन मिनिटं लागतात, तीही बिडी धरून.

चेन वर तरंगली. त्याने दाबली. काढली, पुन्हा चढवली. एका बाजूला बसवायला गेला की दुसरीकडून निसटायची. तिसऱ्यांदा काढली. मी शिव्यांची वाट बघत होतो. आता हितेंद्रचं नाव येईल, आता येईल.

नाव आलं नाही. गुणाजी चेनकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. दोन्ही तळवे वर करून. मग त्याने ते पँटला पुसले, आणखी एकदा चेन लावून बघितली, आणि करवत माझ्याकडे सरकवली.

"भिवा, तू बसव," तो म्हणाला. "माझ्याच्यान होणा नाय."

तोंडाशी आलं होतं, अरे येड्या, चेन चुकीची आहे, हात नाही. तेवढं बोललो असतो तर तो हसला असता, मला चार लाथा घातल्या असत्या, चेन बदलून आणली असती आणि वर चढला असता. मी पाठ करून बसलो, पिशवीतली जुनी चेन काढून चढवली, नवी खिशात कोंबली. कव्हर लावलं आणि म्हटलं, बसली.

तो म्हणाला, मग तूच चढ.

मी शेवटचा चढलो त्याला वीस वर्षं झाली असतील. त्याने पट्टा माझ्या पोटावर आणून ठेवला, बक्कल मला लावायला सांगितलं. प्रत्येक गाठ मला बांधायला लावली आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघून तपासली. कुठल्या खोबणीत पाय, कुठली फांदी वरून भक्कम पण आतून पोकळ, सगळं नीट समजावलं, शाळेत सांगतात तसं. एकदाही चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

वर पोचलो. करवत चालू केली आणि पहिल्या फांदीला लावली. बोथट चेन, चावत नव्हती, नुसती घासत होती. चांगली चेन पोह्यासारखा भुसा टाकते, गेलेली चेन पिठासारखा. हेही मला गुणाजीनेच शिकवलेलं. खाली बघितलं तर त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, बाहीवर पीठ.

त्याने बाहीवरचं थोडं चिमटीत घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. करवत चालू होती, बोलला असता तरी ऐकू आलं नसतं.

माझा दोर त्याने हातात धरला नव्हता. जांभळाच्या बुंध्याला एक वेढा घेऊन टोक स्वतःच्या कमरेला दोनदा गुंडाळलं होतं. तो मागे रेलला, टाचा मातीत रोवल्या, आणि दोर ताठ झाला.