मागच्याची चूक

"ताई, हे घेऊन मी काय करू ते तरी सांगा," हवालदार म्हणाले आणि त्यांनी चारही फुलस्केप कागद टेबलावरून नूतनकडे परत सरकवले. वरच्या कागदाच्या दोन-तीन ओळी त्यांनी वाचल्या होत्या. पुढचं वाचलंच नव्हतं.

"जबाब म्हणून घ्या."

"कशातला जबाब? मोटारसायकलनं मागून धडक दिली. मागून धडक म्हणजे मागच्याची चूक. अंतर त्यानं ठेवायचं. प्रकरण मिटलं."

"पण गाडी आपोआप थांबली होती. रस्त्यात काही नसताना."

"मालक म्हणतो, कुत्रं आडवं आलं."

"कुत्रं नव्हतं."

"तुम्ही होतात तिथे?"

ती तिथे नव्हती. मार्च महिन्यातल्या त्या सकाळी कार्लेखिंडीच्या उतारावर एक पांढरी आलिशान गाडी मधेच गचकन थांबली आणि मागून येणारी मोटारसायकल तिच्यावर आदळली, तेव्हा नूतन चोंढीच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच गाडीसमोर टेप धरून बसली होती.

"मी नव्हते," ती म्हणाली, "पण ती का थांबली ते मला माहीत आहे. माझ्यामुळे थांबली. ते लिहिलंय ह्यात."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. वयस्क माणूस होता, आवाज चढवणारा नव्हता. "ह्या खुर्चीत बसून एकवीस वर्षं मी 'आपण नाय केलं साहेब' एवढंच ऐकत आलोय. तुम्ही तिसऱ्यांदा येताय 'मी केलं' म्हणत. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"नवरा मिनिडोर रिक्षा चालवतो. मुलगी बारावीला आहे."

"मग त्यांचा विचार करा. चहा मागवू?"

तिने चहा नको म्हटलं. कागद पिशवीत घातले आणि ती बाहेर आली. मे महिन्याचं ऊन तोंडावर आलं. नवरा जीवन समोर मिनिडोर लावून वाट बघत होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

नूतन घरतने आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केला होता. नकाशे काढायचं काम तिला कधी मिळालं नाही. हर्षदशेठच्या काचांच्या वर्कशॉपमध्ये ती फोन घ्यायला म्हणून लागली आणि सात वर्षं फोनच घेत राहिली. किहीम, आवास, सासवणे ह्या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले वाढले, तशा मोठ्या गाड्या वाढल्या. नारळाखाली गाडी लावू नये हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेरून आलेल्याला नुसती सावली दिसते. दर आठवड्याला कुणाची ना कुणाची पुढची काच फुटायची.

नव्या गाड्यांना त्या काचेच्या आत, आरशामागे कॅमेरा असतो. रस्त्यावरचे पट्टे, पुढचं वाहन, मधे आलेलं माणूस हे सगळं तो बघतो आणि वेळ पडली तर चालवणाऱ्याच्या आधी स्वतःच ब्रेक लावतो. काच बदलली की त्याची नजर हलते. ती पुन्हा जुळवावी लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, पुढे ठरलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा लावायचा, ओळंबा आणि टेप घेऊन मिलिमीटरपर्यंत मोजायचं, मग मशीन जोडायचं. शेवटी गाडी स्वतः रस्त्यावर चालवून बघायची. हे शिकवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा वर्कशॉपमधली सगळी माणसं दोन तासांत कंटाळली. नूतन सहा दिवस वही घेऊन बसली. त्यानंतर ते काम तिचं झालं. लोक तिला कॅमेरावाल्या मॅडम म्हणू लागले. चार वर्षांत तिच्या हातून साडेतीनशेवर गाड्या गेल्या, आणि घरी मुलीने रांगोळी काढली तरी हिची नजर आधी ठिपके सरळ आहेत का तिकडे जायची.

अपघाताच्या काही दिवस आधी ऋत्विक नावाचा मुंबईचा एक तरुण गृहस्थ आला होता. काच सकाळी बसली होती. कॅमेरा जुळवायला गाडी नूतनकडे आली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि त्याला मांडव्याहून रो-रो बोट पकडायची होती. गाडीची डिकी गच्च भरलेली होती: नारळाची दोन पोती, पांढऱ्या कांद्यांच्या माळा, कुंड्या, एक पितळी घंगाळ. गाडी मागून खाली बसली होती.

"सामान उतरवावं लागेल," नूतन म्हणाली. "गाडी रिकामी हवी."

"सगळं?" ऋत्विक म्हणाला. "मॅडम, माझी बोट जाईल. आईला डॉक्टरकडे न्यायचंय आज."

नूतनने हर्षदशेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "उरक ना गं. मशीन घेतंय तर घेऊ दे."

मशीनने घेतलं. पडद्यावर 'पूर्ण' आलं. मागचं वजन कळायला मशीनला डोळे नव्हते. ते तिला होते. गाडीचं नाक वर असताना कॅमेरा जुळवला तर सामान उतरल्यावर त्याची नजर खाली झुकणार, आणि पुढचं सगळं आहे त्यापेक्षा जवळ दिसणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्यावर चालवून बघायला वेळ नव्हता. तिने कागदावर 'चाचणी घेतली' ह्या चौकटीत खूण केली आणि सही केली. ऋत्विकने तिला दोनदा थँक्यू म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस तिला त्या गाडीची आठवणही आली नाही. नंतर तिने स्वतःला सगळ्यात जास्त कशासाठी खाल्लं असेल तर ते ह्यासाठी.

गाडी परत आली ती मागून चेपलेली, डॅशबोर्डवर कॅमेऱ्याचा पिवळा दिवा पेटलेली. ऋत्विक सोबत होता. दाढी वाढलेली, बोलणं तुटक. नूतनने मशीन जोडलं आणि गाडीच्या स्मरणातली नोंद वाचली. तारीख, वेळ, वेग. पुढे अडथळा असल्याचा समज. ब्रेक गाडीने लावला. चालवणाऱ्याचा पाय पेडलवर नव्हता.

"कुत्रं होतं का हो?" तिने विचारलं.

ऋत्विकने पडद्यावरची नोंद वाचली. मग म्हणाला, "झाडाची सावली होती रस्त्यावर. बाकी काही नव्हतं. पण आपोआप थांबली म्हटलं असतं तर कोण मानणार होतं? ती बाई तिथल्या तिथे गेली, मॅडम. मुलाच्या मागे बसली होती. आई होती त्याची."

हर्षदशेठ नूतनच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडदा वाचला. "आधी जुन्या नोंदी पुसायच्या असतात ना? पूस. नव्यानं जुळव."

पुसायच्या असतात हे खरंच होतं. रोजच पुसायची ती. शेठ फोनवर बोलायला वळले तेवढ्यात तिने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि मग बटण दाबलं. त्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करून, हवा तपासून, तीनदा मोजून, पार वडखळच्या रस्त्यापर्यंत चालवून तिने ती जुळवली. इतकं चांगलं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

जीवनला तिने चार दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला, "सही शेठनी करायला लावली."

"हात माझा होता."

त्यानेच मग स्टँडवर चौकशी करून आणलं: खाडीकाठच्या खारेपाटातलं घर, बापाचं नाव धर्माजी, भातशेती. मुलगा स्वराज आईला डोळे तपासायला अलिबागला नेत होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. गावात सगळे म्हणतात, पोराने भरधाव गाडी घातली आणि आईला मारली. बाप त्याच्याशी बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही.

ह्या शेवटच्या वाक्याने नूतनची झोप गेली. बाईला परत आणता येणार नव्हतं. पण त्या घरात दोन माणसं एकमेकांसमोर मुकी बसली होती आणि त्याचं कारण तिच्या मोबाइलमध्ये होतं. तिने पोलिसांकडे दोन खेपा घातल्या. विमा कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या मुलीने ती दावा करायला आली आहे असं समजून फॉर्म पुढे केला. एका वकिलाने सांगितलं, बाई, तुम्हाला कुणी आरोपी केलेलं नाही, तुम्ही का होताय. तिला वाटू लागलं होतं की आपण विहिरीत पडून हाका मारतोय आणि काठावरून जाणारे वाकून, नमस्कार करून पुढे चाललेत.

आज तिसऱ्या खेपेनंतर तिने जीवनला मिनिडोर चोंढीकडे घ्यायला लावली. शेठ एकटे होते. तिने कागदांची एक झेरॉक्स प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि दुसरी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे म्हणून सांगितलं.

शेठनी सगळं वाचलं. "माझं नाव घातलंस."

"तुम्ही म्हणालात तेवढंच घातलं. बाकी माझं आहे."

"अकरा वर्षं होतीस इथे," ते म्हणाले. होतीस, असं म्हणाले. नूतनने कपाटाची चावी काढून टेबलावर ठेवली. ओळंबा तिचा स्वतःचा होता, आयटीआयपासूनचा. तो घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

पोस्टातून पावती घेऊन दोघं निघाली आणि पोयनाडच्या पुढे आत वळली. खारेपाटाची जमीन वाळून भेगाळली होती. घराच्या ओट्यावर स्वराज बसला होता, पाय प्लास्टरमध्ये लांब केलेला. तेवीस-चोवीसचा असेल. खाली अंगणात धर्माजी जाळं सांधत होते, मुलाकडे पाठ करून. मिनिडोर थांबली तरी दोघांपैकी कुणी दुसऱ्याला कोण आलंय असं विचारलं नाही.

नूतन उभीच राहिली. बस म्हणायला घरात बाईमाणूस नव्हतं.

"मी नूतन घरत. ज्या गाडीवर तुमची मोटारसायकल आदळली, तिचं काम मी केलं होतं," ती म्हणाली. "ते चुकीचं केलं होतं. ते सांगायला आले."

धर्माजींचे हात थांबले. तिने कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. कॅमेरा म्हणजे काय, सामान का उतरवायचं, तिने खूण कुठे केली, नोंदीत काय होतं. मधेच जीवन मिनिडोरमधून उतरून कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"म्हंजे कुत्रा नव्हता," धर्माजी म्हणाले.

"काहीच नव्हतं."

"आन् याचा वेग?"

"मोटारसायकलचा वेग मला नाही सांगता येणार. पण ती गाडी बेचाळीसने चालली होती आणि एकदम जागेवर थांबली. मागे कोणीही असता तरी आदळला असता. मी असते तरी."

स्वराज पहिल्यांदा बोलला. "मी सांगत होतो. हास्पिटलात सगल्यांना सांगितला, हळूच होतो म्हनून. मग मलाच वाटायला लागला, नसेन पन हळू. जोरात असेन."

धर्माजी नूतनकडे बघत होते. म्हातारा नव्हता माणूस, पण गाल आत गेले होते. "तुला ठाऊक होता," ते म्हणाले, "का सामान उतरवाया पायजे."

"हो."

"न्हाय उतरवला."

"नाही."

"उतरवला असता तर ती आज..."

"हो," नूतन म्हणाली. हे एक अक्षर बोलायला ती दोन महिने माणूस शोधत होती. आता ते बोलून झालं, आणि छातीवरचं काही हललं नाही.

कुणी तिला शिवी देईल, दगड उचलेल, असं ती येताना मनाशी घोकत आली होती. तसं काही झालं नाही. धर्माजींनी कागद मागून घेतले, घडी केली, बंडीच्या खिशात घातले. "सही हाय ना यावर?"

"चारही पानांवर."

"बरा," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी तुला माफ बिफ करनार न्हाय."

"मी मागायला नाही आले."

ती वळली. कुंपणापर्यंत गेली असेल, तेव्हा मागून आवाज आला. "थांब. पानी पिऊन जा. ती कुनाला तशी जाऊ देत नव्हती."

नूतन थांबली. धर्माजी जाळं बाजूला सारून उठले, ओट्यावर चढले, स्वराजच्या लांब केलेल्या पायाला वळसा घालून आत गेले. आत भांडी इकडची तिकडे सरकल्याचा आवाज झाला. एक डबा खाली पडला.

"स्वराज," आतून हाक आली. "पेला कुठं ठेवते ती?"

ओट्यावर तो मुलगा ताठ बसला.

"फलीवर, बाबा. डाव्या अंगाला. चहाच्या डब्यामागं."

धर्माजी पेला भरून बाहेर आले. पाणी ओट्यावर सांडत होतं. नूतनने दोन्ही हात पुढे करून पेला घेतला आणि उभ्या उभ्याच, एक थेंबही न ठेवता, ती ते पाणी प्यायली.