कासवाची मान

कासवाला ऐकू येतं हे मी एकशे बारा नोंदींनी सिद्ध केलं होतं. १९७६ च्या फेब्रुवारीत कॉलेजच्या विज्ञान मंडळात त्यावर निबंध वाचायचा होता. पुण्याहून परीक्षक येणार होते. त्यांना तो पटला तर मला पीएच.डी.साठी रजा मिळणार होती.

प्रयोग साधा होता. प्रयोगशाळेच्या टेबलावर घमेलं, त्यात चार बोटं पाणी, पाण्यात मंद्रूपच्या विहिरीतलं कासव. नादकाटा रबरावर आपटायचा आणि दांडा टेबलावर टेकवायचा, म्हणजे आवाज मोठा होतो. शाळेपासूनची सवय. आवाज झाला की कासव मान आत घेई.

एकदा मुलींच्या प्रॅक्टिकलच्या वेळी आमचे शिपाई मडिवाळप्पा पाणी बदलता बदलता म्हणाले, "बाई, ह्येला ऐकू येत न्हाय वाटतं. गिरणीचा भोंगा झाला तरी मान भाईर असती. तुमी टेबलाला टेकिवलं की आत. टेबल हादरतंय, त्ये पोटाला कळतंय की."

"मडिवाळप्पा, तुम्ही बी.एस्सी. कधी झालात?" मी म्हटलं.

मुली हसल्या. "आता पीएच.डी. पण तुम्हीच करा की मामा!" एक जण म्हणाली. तेही हसले आणि बादली उचलून गेले.

रविवारी मी एकटीच गेले. नादकाटा टेबलाला न टेकवता घमेल्याच्या वर हवेत धरला. वीस वेळा. मान बाहेरच. मग नादकाटा ठेवून दिला आणि टेबलाच्या पायाला चपलेनं हळूच ढकललं. मान आत.

कासव बहिरं आहे असं यावरून ठरत नव्हतं. पण ते ऐकतं असं म्हणायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

निबंध मी पुन्हा लिहिला. "पुढे माझ्या असं लक्षात आलं की..." हे वाक्य वाचताना मी मान वर केली नाही. शेवटी आभार मानले. त्यात हेडसर होते, विहिरीचे मालक बाळासोही होते.

"स्वतःची चूक स्वतः शोधणारे थोडे असतात," परीक्षक म्हणाले. रजेचं तिथंच ठरलं.

मडिवाळप्पा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "घ्या बाई. लई साफ सांगितलं बघा. मला बी समजलं."

परीक्षक दोन खुर्च्या पलीकडे बसले होते. एक वाक्य पुरलं असतं.

"साखर कमी पडलीय," मी म्हटलं.

ते साखर आणायला गेले.