दारात अडलेली कणगी

मी ‘वाइड’ बोलतोय. जातीचं इंग्रजी विशेषण, पण सध्या मुक्काम एटापल्लीजवळच्या एका गावात, लोकेशच्या जिभेवर. शब्दकोशात माझा संसार मोठा आहे. रस्ता रुंद असला तर मी, अनुभव व्यापक असला तर मी, दार सताड उघडं असलं तरी मी, आणि चेंडू फलंदाजापासून लांबून गेला तरी मीच. एवढा कामाचा शब्द, आणि पडलो या दीडशहाण्याच्या तावडीत!

चंद्रपूरला तीन महिने इंग्रजी बोलण्याचा क्लास करून हा परतला. तेव्हापासून त्याचं हसू वाइड, ज्ञान वाइड, भाजीतला रस्साही वाइड. मला शिसारी आली.

त्याचे वडील मुखरू धान्य साठवायच्या बांबूच्या कणग्या विणतात. यंदा पहिल्यांदाच चंद्रपूरच्या प्रदर्शनातून बोलावणं आलं. म्हातारा हरखून गेला. हात थकण्याआधी आपलं काम चार लोकांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

घरची कणगी घरात विणायची, बाहेर जाणारी अंगणात, ही इथली रीत. लोकेशला ती गावंढळ वाटली.

“अंगनात उन्हानं व्हिडिओ बिघडते, बा. घरातच विन. अन् आनखी वाइड कर!”

“पोरगा शिकलेला हाय,” म्हणून मुखरूने ऐकलं. वीस दिवस पाठ मोडेस्तोवर विणलं. हा फोन धरून माझाच जप करत राहिला.

गाडी आली. चौघांनी कणगी उचलली आणि ती दारात अडली. आडवी केली, तिरपी केली, छे! मुखरू उंबऱ्यावर मटकन बसला.

लोकेशची माय इतवारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काऊन रे, वाइडचे एवढे अर्थ येतात तुले. आपलं दार किती वाइड हाय, थे पाह्यलं काय?”

पोपटाने फोन खिशात घातला. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

इतवारीने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि दाराशेजारच्या कुडाच्या भिंतीला घातली. “भित पुन्हा लिपता येते. तुह्या बापाचे वीस दिस वापस येत नाई.”

कणगी गेली. प्रदर्शनात मधोमध उभी आहे म्हणे. इथे लोकेश चिखल तुडवून भिंत लिंपतोय. बाबांनो, मला खुशाल वापरा, पण आधी घरचं दार मोजा.

काल मुखरूने विचारलं, “नवं दार केवढं ठेवाचं?”

लोकेशने चिखलाचे दोन्ही हात पसरून दाखवलं. माझं नावही काढलं नाही. तेव्हा कुठे मी त्या गाढवाला कळलो.