जैसे थेचा हुकूम

डिलाईल रोडच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत चार वर्षं साधा खिळासुद्धा ठोकला गेला नाही. याचं श्रेय म्हणा, पाप म्हणा, मीराबाईंचं. रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल सिग्नलला थांबून राहणारी ही बाई. तिच्या हाती कोर्टाचा हुकूम पडल्यावर दुसरं काय व्हायचं?

दावा लावला होता धाकट्या दिराने, शिवाने. चाळीच्या जागी टॉवर येणार अशी बोलणी सुरू झाली आणि खोलीला एकाएकी मोल आलं. खोली सासऱ्यांच्या नावची, त्यांच्या गिरणीतल्या दिवसांतली. त्यात माझाही अर्धा वाटा, असं शिवाचं म्हणणं. तो त्याच मजल्यावर, चार दारं सोडून भाड्याने राहायचा. दावा लागला आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. गॅलरीत समोरासमोर आले की दोघंही कठड्याबाहेर बघत पुढे जायचे. कोर्टाने सुरुवातीलाच सांगितलं, निकाल लागेपर्यंत खोली ‘जैसे थे’ ठेवा.

न्यायाधीशांच्या मनात साधी गोष्ट होती. कुणी खोली परस्पर विकू नये, बिल्डरच्या घशात घालू नये, तोडफोड करू नये. पण मीराबाईंचं माहेर देवगडकडचं. तिकडे गावदेवाने कौल दिला की दिला. तोच प्रश्न घेऊन पुन्हा देवापुढे उभं राहायचं नसतं, देव कोपतो. कोर्टाचा हुकूम त्यांनी तसाच डोक्याला लावून घेतला. भिंतीचा पोपडा पडला, पडू दिला. मोरीची फरशी फुटली, तिच्यावर पाट टाकला. यजमान, गंगाधर, हसून म्हणायचे, “कोर्टाने तुलाच खोलीवर वॉचमन ठेवलीय.”

मग गंगाधरांची उजवी बाजू गेली.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो चाळीत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगा मयूर कामावर जाण्याआधी वडिलांना काखेत धरून न्यायचा. दुपारी मीराबाई आणि शेजारची जाईबाई, दोघी मिळून. जन्मभर इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय नाक्यावर न गेलेला माणूस, सगळ्या मजल्यादेखत लुंगी सावरत, पाय फरफटत जायचा. वाटेत शिवाचं दार लागायचं. ते नेमकं तेव्हाच बंद व्हायचं. गंगाधर मान खाली घालायचे. अंथरुणात भांडं घ्यायला ते तयार नव्हते. एका खोलीत देव, चूल, बायको, मुलगा, आणि तिथेच आपण? नाही म्हणजे नाही.

महिन्याभरात त्यांनी चहा सोडला. मग पाणी. मीराबाई पेला तोंडाशी धरायच्या, ते ओठ ओले करून बाजूला सारायचे.

“अहो, घोटभर तरी घ्या.”

“कमी प्यालं की कमी जावं लागतं,” ते जड जिभेने म्हणाले. हे ऐकून मीराबाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

एका रविवारी मयूर गवंडी घेऊन आला. मोरीत संडासाचं भांडं बसवायचं, प्लायवूडची आडभिंत, एक दार. एका दिवसाचं काम. कितीतरी खोल्यांनी तसं केलेलं. गंगाधरांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. मीराबाई मात्र दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“फरशीला हात लावायचा नाही. कोर्टाचा हुकूम आहे.”

“आई, संडास बांधतोय मी, टॉवर नाही.”

“तुझे काका चार दारांवर आहेत. उद्या कोर्टात सांगतील. केस गेली तर ह्यांना घेऊन फूटपाथवर बसू का?”

मयूर खूप बोलला. नको ते बोलला. शेवटी मीराबाईंनी त्याच्यासमोर वकिलाला फोन लावला. वकिलाने नेहमीप्रमाणे उचलला नाही. त्याच्या कारकुनाने उचलला आणि स्कूटरच्या आवाजातून ओरडला, “जैसे थे म्हणजे जैसे थे, मावशी!” एवढंच. गवंडी हत्यारं गोळा करून गेला. गंगाधरांनी भिंतीकडे तोंड केलं.

पावसाळा संपता संपता त्यांना ताप भरला. लघवीत इन्फेक्शन, मग किडन्या. डॉक्टरांनी विचारलं, पाणी पीत नव्हते का?  चौथ्या दिवशी ते गेले. खांदा द्यायला शिवा आला, न बोलता आला आणि न बोलता गेला. जाईबाई मीराबाईंचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “तुझ्या हातात काय होतां गो? कोडताचां होतां तां.” सगळी चाळ हेच म्हणाली, कोर्टापुढे काय चालणार. शेवटी मयूरही म्हणाला. मीराबाई त्या एका वाक्यावर तगून राहिल्या होत्या.

पुढच्या तारखेला त्या एकट्या कोर्टात गेल्या. मयत झाल्याचा दाखला द्यायचा होता, दाव्यात आता वारसांची नावं लागणार होती. वकील आलाच नाही. बावरून उभ्या असलेल्या त्यांना दारावरच्या शिपायाने तळमजल्यावरची एक खोली सांगितली. म्हणाला, तिथे विचारा, फुकट सांगतात.

विधी सेवेची ती खोली. आत मेघना नावाची तरुण वकील होती. तिने कागद पाहिले, वारसांचं सगळं नीट समजावलं. वकील येत नसेल तर बदलता येतो, बायकांना सरकारकडून बिनपैशाचा मिळतो, हेही सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, “खोलीत काही दुरुस्ती करायचीय का? अर्ज करून टाकू.”

“दुरुस्ती? पण जैसे थे आहे ना?”

“आहे ना. म्हणून तर कोर्टाला विचारायचं. हुकूम झाला म्हणजे तोंड शिवलं असं नसतं, आजी. अडचण आली की पुन्हा जायचं.”

मीराबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. “समजा, घरात आजारी माणूस आहे. त्याच्यासाठी मोरीत संडास.”

“त्याला सहसा कोण नाही म्हणतंय! एका पानाचा अर्ज, डॉक्टरांचं सर्टिफिकेट. समोरच्याची हरकत नसेल तर कधी कधी त्याच दिवशी होऊन जातं. कोण आजारी आहे?”

“कोणी नाही,” मीराबाई म्हणाल्या. “असंच विचारलं.”

बाहेर शिवा बाकावर बसला होता. इतक्या वर्षांनी त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भावोजी, मोरीत संडास केला असता तर तुम्ही हरकत घेतली असती?”

तो दचकून उठला. त्याला सगळं कळलं असावं, कारण त्याचे डोळे भरले. “वहिनी, दादाला न्यायचात तेव्हा मी दार लावून घ्यायचो. मला त्याला तसं बघवत नव्हतं, आणि मी बघतोय असं त्यालाही वाटायला नको. मी कसली हरकत घेतोय?”

 मीराबाई त्याच बाकावर बसल्या. दीर शेजारी बसला. 

संध्याकाळी मयूर घरी आला, बूट काढता काढता त्याने विचारलं, “काय झालं कोर्टात?”

गप्प बसावं असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पण तो जवळ येऊन मायेने म्हणाला, “आता त्याचा विचार नको करूस. आपल्या हातात नव्हतंच काही.” ते मात्र त्यांना सोसेना. ती माया आपली नाही, आपण ती फसवून घेतोय असं वाटलं.

“होतं,” त्या म्हणाल्या. “एका पानाचा अर्ज होता, मयूर. परवानगी मिळत होती. मीच तुला आडवी आले. मारलं मी त्यांना.”

त्यांना वाटलं, तो ओरडेल. ओरडायला हवा होता. राग त्यांनी पदर पसरून घेतला असता. पण मयूर बूट हातात धरून तसाच उभा राहिला.

“कोणी सांगितलं तुला?”

“तिथे एक खोली आहे. फुकट सल्ला देतात.”

“कुठे?”

“तळमजल्यावर. जिन्याला लागून. निळी पाटी आहे.”

मयूर हळूच खाली बसला. एरवी दर तारखेला तो आईला स्कूटरवरून कोर्टात सोडायचा आणि ती वरून येईपर्यंत थांबायचा.

“त्याच पाटीखाली उभा असायचो मी,” तो म्हणाला. “मोबाईल बघत. मला वाचता येतं, आई.”

मीराबाई त्याला जवळ घ्यायला पुढे झाल्या. त्याने त्यांचा हात बाजूला केला आणि वडील झोपायचे त्या भिंतीकडे तोंड करून बसला.