तीन पानांचा नियम

पुस्तक मागून पुढे वाचणारी माणसं जगात फार नसतात. ही बाई त्यांतली एक. प्रकाशनसंस्थेत सगळे तिला सूचीबाई म्हणत, आणि गेली सव्वीस वर्षं तिचं काम एकच होतं : जाडजूड पुस्तकांच्या शेवटी नावांची आणि विषयांची जी सूची असते, ती करायची. प्रत्येक नावाला एक कार्ड, कार्डावर पानांचे आकडे. वाचक सूचीकडे ढुंकूनही बघत नाहीत हे तिला ठाऊक होतं. लेखक मात्र आधी तिथेच स्वतःचं नाव शोधतात, हेही ठाऊक होतं, आणि त्याचं तिला भारी हसू यायचं.

तिचा एक नियम होता. तीन पानांपेक्षा कमी ठिकाणी आलेलं नाव सूचीत घ्यायचं नाही. "येईल त्याला जागा द्यायला सूची म्हणजे धर्मशाळा आहे का?" असं ती नव्या माणसांना दटावत असे. वगळलेली कार्डं ती फेकत नसे. चपलांच्या रिकाम्या खोक्यात टाकायची आणि वर पुस्तकाचं नाव लिहायची. कपाटावर अशी चाळीसेक खोकी धूळ खात पडली होती.

त्या महिन्यात मालकांनी तिला दोन पुस्तकं एकदम दिली. एक होतं सोनेरी घुमटाच्या एका जुन्या देवस्थानाचा इतिहास. निवृत्त प्राध्यापकाने बारा वर्षं खपून लिहिलेला, तळटीपांनी नुसता खचाखच भरलेला. दुसरं होतं एका संशोधक-उद्योजकाचं आत्मकथन. कधीही न उतरणारा सोनेरी मुलामा शोधून काढणारा, एका शेडमधून सुरुवात करून सात कारखाने उभे करणारा हा माणूस. सगळे त्याला 'सर' म्हणत. पुस्तकाची पहिली आवृत्ती बारा वर्षांपूर्वी निघाली होती, ही वाढवलेली दुसरी.

हे दुसरं पुस्तक तिने घरी नेलं ते छातीशी धरून. कारण शेवटच्या प्रकरणात, तीनशे अठराव्या पानावर, तिची मुलगी होती.

पहिल्या आवृत्तीची प्रुफं घरी आली तेव्हा मुलगी चौदा वर्षांची होती. आईचं काम होण्याआधीच तिने ती वाचून फस्त केली. ध्यास, वेड, झोकून देणं, सरांचे हे शब्द तिने वहीवर लिहून काढले, आणि मोत्यांसारख्या अक्षरात लिहिले. अक्षराची तीन बक्षिसं तिच्या नावावर होती. पुढे रसायनशास्त्र घेतलं ते त्या पुस्तकापायी, आणि नोकरीही सरांच्याच कारखान्यात धरली. आता तीनशे अठराव्या पानावर सरांनी लिहिलं होतं : 'चार नंबरच्या खोलीची किल्ली सध्या छोटीकडे आहे. माझा आजचा उजवा हात.' सर कुणालाच नावाने हाक मारत नसत, सगळ्यांना टोपणनावं. सूचीबाईने कार्ड घेतलं, 'छोटी' असं लिहिलं, आकडा टाकला आणि उगाचच दोनदा वाचला. सूचीबाई झाली म्हणून काय झालं, तिलाही मिरवावंसं वाटतंच की.

मग तिने ते बाजूला ठेवून देवस्थान हाती घेतलं.

प्राध्यापकांचं सातवं प्रकरण घुमटावर होतं. सोनं पाऱ्यात विरघळवून तो लगदा तांब्याच्या पत्र्यावर पसरायचा, पत्रा निखाऱ्यांवर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं राहतं. त्या वाफेला वास नसतो. मुलामा देणारे कारागीर दोन-तीन वर्षांत जायचे. आधी हात थरथरत, मग बोलणं अडखळे, मग माणूस घरातल्यांनाही ओळखेनासा होई. भाविक म्हणत, देवाने त्यांना हात धरून नेलं. थरथर दिसू नये म्हणून ते कारागीर डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभे राहत, आणि लोकांना वाटलं, ही प्रार्थनेची मुद्रा आहे. आजही तिथे येणारे भाविक तसेच मनगट धरून उभे राहतात, का ते कुणालाच ठाऊक नाही.

सूचीबाईने कार्डावर लिहिलं : 'मनगट धरणे, प्रथा'. आकडे टाकले. चांगली नोंद मिळाली म्हणून ती खूश झाली, आणि तिथेच तिचा हात थांबला. हे चित्र तिने कुठेतरी पाहिलं होतं.

कुठेतरी कशाला, शेजारच्याच गठ्ठ्यात. सरांच्या पुस्तकात मधोमध छायाचित्रांची सोळा पानं होती. सर आणि त्यांचा उजवा हात, शेडसमोर. सर आणि उजवा हात, पहिल्या कारखान्याच्या दारात. सर प्रत्येक फोटोत तेच, शेजारचा माणूस मात्र दर वेळी निराळा. आणि त्यांतल्या चौघांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. खाली ओळ छापली होती : 'आमच्या घरची शिस्त.'

तिने सरांचं सहावं प्रकरण पुन्हा काढलं. त्यांनी अभिमानानेच लिहिलं होतं, की मुलाम्याची कल्पना त्यांना एका प्राचीन घुमटाकडे बघताना सुचली. पुढे सगळं गुपित, चार नंबरच्या खोलीत बंद. पारा हा शब्द अख्ख्या पुस्तकात एकदाही नव्हता.

स्टुलावर चढून तिने पहिल्या आवृत्तीचं खोकं काढलं. धुळीने शिंका आल्या. आत तिच्याच अक्षरातली कार्डं होती. 'मास्तर', पान ४१. 'पैलवान', पान ९६. 'बुवा', पान १५०. तिने पानं काढून पाहिली. मास्तर 'प्रकृतीच्या कारणाने गावी परतले'. पैलवान 'आम्हाला सोडून गेला, पण कामात विरघळून गेला'. बुवा 'अकाली निवृत्त'. नव्या आवृत्तीत आणखी दोन होते, 'ताई' आणि 'इंजिनिअर'. प्रत्येकाला एकच पान, आणि प्रत्येकाकडे कधी ना कधी चार नंबरच्या खोलीची किल्ली. प्रत्येकाला तीन पानं मिळाली असती तर सूचीत त्यांची नावं एकाखाली एक आली असती, एखाद्या तरी वाचकाने विचारलं असतं, ही सगळी माणसं गेली कुठे? पहिल्या तिघांना तिने नियमाने वगळलं होतं. चौदा वर्षांची पोर पलीकडच्या खोलीत तेच पुस्तक पाठ करत असताना वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मालकांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा कपाळ चोळलं.

"बाई, तुम्ही सूची करा. पोलीसचौकी कशाला उघडताय?"

"माझी मुलगी आहे त्या खोलीत."

"मग तिलाच विचारा ना. शिकलेली आहे, तिला काय कळत नाही का?" आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुवारपर्यंत मिळेल ना पण सूची?"

मुलगी रविवारी दुपारी आली. कंपनीच्या वसतिगृहात राहायला गेल्यापासून ती महिन्याकाठी एकदा यायची. वाळली होती, पण डोळ्यांत नुसती चमक. आल्या आल्या म्हणाली, "आई, माझं पान दाखव!"

आईने पान दाखवलं नाही. टेबलावर ओळीने पाच कार्डं मांडली, शेजारी प्राध्यापकांचं सातवं प्रकरण उघडं ठेवलं. मुलगी उभ्याउभ्याच वाचू लागली. तिला आईपेक्षा कमी वेळ लागला.

"पारा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली.

आईला वाटलं होतं मुलीला फसवलंय. फसवलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्या क्षणी तिच्या मनात आलं.

"माहीत असून जातेस?"

"अगं, मास्क असतो, पंखा असतो. हे तुझे मास्तर-पैलवान जुन्या काळातले. आणि ती खोली सगळ्यांना मिळत नाही, आई. एकशेऐंशी माणसांतून सरांनी मला निवडलं. अजून एक वर्ष, मग पाऱ्याशिवायची रीत मीच शोधून काढणार आहे."

"ताईंनाही असंच वाटलं असणार. एकशे बाहत्तराव्या पानावर आहे, वाच. 'ताई नवी रीत शोधण्याच्या उंबरठ्यावर होती.' "

मुलगी चिडली. "तुझ्यामुळेच मी तिथे गेले ना? हे पुस्तक कुणी आणलं होतं घरात?"

"मीच आणलं," आई म्हणाली. "म्हणून तर हात जोडते. उद्या जाऊ नकोस. फक्त उद्याचा दिवस जाऊ नकोस, डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या पाहुणे येणार आहेत. सरांनी मलाच शेजारी उभं राहायला सांगितलंय." तिने आईच्या गळ्यात हात टाकला, आवाज मऊ केला. "बरं, ते राहू दे. माझं कार्ड तरी दाखव. सूचीत घेशील ना मला, की तीन पानं नाहीत म्हणून वगळशील?"

"सहाही जणांना घेणार आहे. नियम गेला खड्ड्यात."

"मग टोपणनावाच्या पुढे माझं खरं नाव मीच लिहिते. माझ्या अक्षरात. छापणाऱ्यांनाही बघू दे जरा."

आईने कार्ड पुढे सरकवलं, सकाळीच आणलेलं पेन दिलं. मुलगी खुर्चीत बसली, लहानपणी बसायची तशी पाठ ताठ करून. पहिलं अक्षर काढलं. रेघ वर जाताना वाकडी झाली, खाली येताना आणखी वाकडी.

"पेन खराब आहे तुझं."

आईने दुसरं दिलं. मग तिसरं. तिसऱ्याने कार्ड फाटलं.

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मुलीने पेन हळूच टोपण घालून ठेवलं, आणि टोपण बसायलाही दोन खेपा लागल्या.

"तू लिही ना आई," ती म्हणाली. "तुझं अक्षर छान आहे."

आईने लिहिलं नाही. तिने वर पाहिलं. मुलगी उठून खिडकीपाशी गेली होती आणि तिच्याकडे तोंड करून उभी होती, पाठ ताठ, हसरा चेहरा, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं.

"अशी का उभी आहेस?" आईने विचारलं.

"कशी?" मुलगी म्हणाली, आणि खाली पाहिलं.