कढत पाण्याचा भोपळा

मी एक जुना भोपळा आहे, मित्रांनो, पण भाजीत पडणारा नव्हे. वेलावरून उतरवून मला वाळवलं, माझं डोकं उडवलं, पोट खरवडलं आणि ओला पाला भरून दोन दिवस मुरत ठेवलं. एवढं सोसल्यावर माझ्यातून येर्बाचा, म्हणजे तिकडच्या एका झाडाच्या पाल्याचा, चहा पिता येऊ लागला. अर्जेंटिनातल्या मिसियोनेसच्या लाल मातीत, येर्बाचा पाला तोडणाऱ्या एवारिस्तोच्या घरी माझं आयुष्य गेलं.

आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच भोपळा आणि चहा ओढायला एकच नळी. ओतणारा पहिला भोपळा स्वतः पितो, मग पुन्हा पाणी घालून मला पुढच्याच्या हातात देतो. ‘धन्यवाद’ म्हटलं की त्या माणसाला आता नको, असं समजायचं.

माझ्यातला पाला गुणाचा आहे. एवारिस्तोची बायको हर्मिनिया पहाटे चार भोपळे रिचवून मळ्यात जायची आणि दुपारपर्यंत पाठ टेकायची नाही. अंगात तरतरी राहायची, भूकही दबायची. संध्याकाळी जास्त झाला तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही, पण तेवढं ती हसून सोडून द्यायची. त्या दिवसांत एवारिस्तो मला शर्टाच्या बाहीने पुसून ठेवायचा.

खोट होती ती त्याच्या किटलीत. पाणी खळखळ उकळल्याशिवाय तो ओतायचा नाही. गार चहा नकोशा माणसाला देतात, असं आमच्याकडे मानतात, आणि एवारिस्तोला कढत पाणी म्हणजे मर्दपणा वाटायचा. माझं पोटसुद्धा पोळायचं, मग माणसाच्या घशाचं काय सांगू?

एका वर्षी हर्मिनियाच्या घशात भाकरी अडकू लागली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं, “चहा सोडू नका, पण इतका कढत पिऊ नका. घसा रोज भाजतोय तुमचा. अशानं पुढे गाठ होते.”

त्या दिवशी ती मला ओंजळीत धरून निवण्याची वाट बघत बसली.

“भोपळा आहे तो, माईक नाही,” एवारिस्तो म्हणाला. “भाषण करायचंय का? दे पुढे.”

सगळे हसले. लेक देल्फिना सर्वांत मोठ्याने हसली.

“अहो, बाई म्हणाल्या, जरा निवू द्या म्हणून.”

“त्या बाईला काय कळतंय? माझा आजा उकळतं पीत नव्वदीला टेकला. गार हवा असेल तर तसं सांग, तू आम्हाला नकोशी झालीस असं समजू.”

हर्मिनिया हळूच “धन्यवाद” म्हणाली. एवारिस्तोने ते मनाला लावून घेतलं. पुढचे आठ दिवस मी तिच्या नाकासमोरून फिरलो आणि कोणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. जेवतानासुद्धा नाही. नवव्या दिवशी ती येऊन बसली, मला घेतलं आणि डोळे मिटून तो कढत चहा एका दमात ओढला.

“हं, आता कसं,” एवारिस्तो म्हणाला.

दोन वर्षांनी तिला पाण्याचा थेंबही गिळवेना. ऑगस्टमध्ये ती गेली. त्या घरात मी तिचा मारेकरी आहे, आणि हे मला कोणी बोलूनही दाखवत नाही.

आता एवारिस्तोचे हात कापतात, म्हणून देल्फिना ओतते. मला कोणी पुसत नाही, काठाला तडा गेलाय. गेल्या महिन्यापासून एवारिस्तोलाही भाकरी उतरत नाही. परवा तो मला धरून नुसता बसला होता.

“पोरी, जरा निवू दे गं.”

“बाबा, माईक नाहीये तो,” देल्फिना म्हणाली. “नकोसे झालात असं समजू का?”

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि निमूट प्यायला. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, चहा प्या, जरूर प्या. फक्त किटली थोडी बाजूला ठेवा, आणि कोणी वाट बघत बसलं तर त्याला हसू नका. मला हात असते तर मीच ते पाणी सांडलं असतं. आजही देल्फिना चुलीपाशी उभी राहून पाणी खळखळ उकळू देते आहे. बापासाठी ओतायचं म्हणून. पण ओतणाऱ्याने आधी स्वतः प्यायचं असतं, आणि गेलं वर्षभर रोज पहिला कढत भोपळा तीच पिते आहे.