डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच

हॉस्पिटलच्या फायलींवर आजारांचे कोड टाकणाऱ्या बाईंचं तोंड एका विवाहित पेशंटची फाइल वाचून कडू झालं. निदान होतं व्यक्तिमत्त्व विकार. आधार काय, तर नवऱ्याने सांगितलेलं गाऱ्हाणं: बायको उलट बोलते, खोलीला आतून कडी लावते. मागच्या पानावर मात्र नर्सने लिहिलं होतं, दोन्ही दंडांवर बोटांचे वळ.

"साहेब, या वळांचा कोड टाकू ना?"

"नर्सच्या नोंदीवरून कोड देत नाहीत, बाई. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच घ्या," साहेब चहाचे फुरके मारत म्हणाले.

बाईंनी विकाराचा कोड टाकला. स्वतःचीच किळस आली.

पेशंटचा नवरा खिडकीशी उभाच होता. निदानाच्या कागदासाठी त्याने जाडजूड बोटं आत घातली.

"शिक्का जरा ठळक मारा, ताई. कोर्टात दाखवायचाय."